हाय-बॉनेट आणि तिची डोनर गाडी

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात सीजे-३बी जीपचं उत्पादन १९६८ साली थांबलं. मुंबईत ते थांबलं नाही. महिंद्राने त्याच घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक वर्षं बनवल्या. इंजिन बदललं, लांबी वाढली, नावं बदलली, पण धागा तुटला नाही. २०१० साली आलेली पहिली थारही त्याच धाग्याला बांधलेली आहे. बोरिवली, अंधेरी, मुलुंडकडची हौशी मंडळी साठ वर्षांपूर्वीची जीप आजही रस्त्यावर आणू शकतात, त्याचं मुख्य कारण हे आहे. जुन्या गाडीला लागणारा अवयव तिच्याच नातवंडांच्या अंगावर सापडतो. गॅरेजच्या भाषेत त्या नातवंडाला ‘डोनर गाडी’ म्हणतात.

कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. कंपनी १९४५ साली लुधियानात सुरू झाली, नाव महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. टोलेडोच्या विलीस-ओव्हरलँड या जीप-कंपनीकडून सुट्या भागांच्या पेट्या बोटीने यायच्या आणि १९४९ पासून माझगावात त्यांच्या जीप उभ्या राहू लागल्या. मग परवाना घेऊन इथेच उत्पादन सुरू झालं आणि कारखाना कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर विस्तारला. पूर्वेच्या बाजूला कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. या दोन कारखान्यांमुळे उपनगरांत फिटर, टर्नर, वेल्डर, पत्राकाम करणारे यांची एक पिढीच तयार झाली. साकीनाक्याच्या आणि भांडुपच्या गाळ्यांत आजही लेथवर एखादा बुश नमुना पाहून घडवून मिळतो. जीपच्या कामात हा आधार फार मोठा आहे.

सीजे-३बीला आपल्याकडे सगळे ‘हाय-बॉनेट’ म्हणतात. तिचं बॉनेट उंच का, याचं उत्तर इंजिनात आहे. आधीच्या जीपमध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाचं ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन होतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला बसवलेले, त्यामुळे हेड बुटकं. १९५३ साली सीजे-३बीत ‘हरिकेन’ इंजिन आलं. क्षमता तीच, साधारण २.२ लिटर, पण हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये वर चढवले आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. ताकद ७० हॉर्सपॉवरच्या पुढे गेली, इंजिनची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. गाडीच्या चेहऱ्याला एक भारदस्तपणा आला. तहसीलदार, पाटबंधारे खात्याचे इंजिनियर, फौजदार, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांना महाराष्ट्राने याच चेहऱ्यामागे बसलेलं पाहिलं आहे. घाटमाथ्यावरच्या कित्येक गावांत पहिलं चारचाकी वाहन आलं ते हेच.

आता दुरुस्तीकडे. मुंबईतल्या जुन्या जीपचा पहिला शत्रू गंज. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि सोसायटीच्या कंपाउंडला लागून वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी. वरून पत्रा बरा दिसतो. खाली पडून चासीच्या पट्ट्यांवर हातोडी वाजवली की खरं कळतं. भरीव आवाज आला तर ठीक, बसका आला तर आतून चिखल धरून लोखंड संपलेलं असतं. कमान पाट्यांच्या शॅकलच्या जागा, बॉडी जिथे चासीवर टेकते ते ब्रॅकेट आणि ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी बसते तो खड्डा, या तीन ठिकाणी आधी बघावं. पत्र्याचं आणि रंगाचं काम पावसाळ्याच्या आत उरकावं लागतं, नाहीतर प्रायमरखाली ओल अडकते आणि वर्षभरात फुगे धरतात.

मग डोनर गाडी निवडायची. इथे लोक दोन वाटांनी जातात आणि माझ्या मते त्यांतली एकच वाट जीर्णोद्धाराची आहे.

पहिली वाट एमएम ५४० ची. ही १९८०च्या दशकाच्या मध्याची गाडी. प्यूजोशी करार करून महिंद्राने एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन बनवायला घेतलं, इगतपुरीला त्याचा कारखाना काढला आणि ते एमएम ५४० मध्ये बसवलं. व्हीलबेस हाय-बॉनेटच्या ८० इंचांवरून ९१ इंच झाला. मात्र पुढे-मागे कमान पाटे, दोन्हीकडे सलग एक्सल आणि ट्रान्सफर केसची जुनी धाटणी कायम राहिली. या धाटणीची एक खूण आहे: ट्रान्सफर केसमधून निघणारे दोन्ही शाफ्ट मधोमध नसून बाजूला सरकलेले असतात, म्हणून एक्सलवरचं डिफरन्शियलही बाजूला असतं. दोन गाड्यांमध्ये ही मांडणी जुळली की निम्मं काम सोपं होतं. बेअरिंग, सील, क्राउन-पिनियन, हबचे भाग यांचा मेळ बसतो किंवा थोड्या लेथकामाने बसवता येतो. चाकाचे पाच बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. महायुद्धातल्या जीपपासून पहिल्या थारपर्यंत तो बदललेला नाही.

दुसरी वाट थारची. अपघातात मागून चेपलेली किंवा विमा कंपनीने मोडीत काढलेली थार मिळवायची आणि तिच्या चासीवर जुन्या जीपची बॉडी चढवायची. दिसायला जुनी, चालायला नवी, असा हिशेब. पण तो जुळत नाही. पहिल्या थारचा व्हीलबेस २४३० मिलिमीटर, हाय-बॉनेटचा २०३२. जवळजवळ सोळा इंच कुठेतरी कापावे लागतात. चासी मधून कापून पुन्हा जोडणं हे जिवाशी खेळणं आहे. घाटात वळणावर सगळा ताण त्याच वेल्डवर येतो. शाफ्ट आखूड केला की त्याच्या जॉइंटचा कोन तीव्र होतो, गाडी थरथरते, जॉइंट लवकर जातात. तिच्या सीआरडीई डिझेल आवृत्तीला पुढे कमान पाटे नाहीतच, टॉर्शन बारवर झुलणारी स्वतंत्र चाकं आहेत. चाकांमधलं अंतरही जास्त, त्यामुळे टायर मडगार्डच्या बाहेर येतात. वर ते इंजिन कॉम्प्युटरवर चालणारं, सेन्सर आणि वायरिंगचं जाळं सोबत घेऊन येणारं. इतकं सगळं केल्यावर जुन्या गाडीचा फक्त मुखवटा उरतो. हरियाणातल्या डबवालीत नव्या पत्र्याची जीप-बॉडी तयार मिळते. मुखवटाच हवा असेल तर ती घ्यावी, त्यासाठी एक अस्सल हाय-बॉनेट मारू नये.

थारकडून घेण्यासारखं काही नाही असं मात्र नाही. ब्रेकच घ्या. जुन्या जीपला चारही चाकांना लहान ड्रम आणि एकच हायड्रॉलिक लाइन. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर फळीखाली, पाण्याचिखलात. नव्या गाडीचा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला तर पुढची आणि मागची लाइन वेगळी होते. एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. त्यात बूस्टर जोडायचा तर त्याला व्हॅक्युम लागतो. पेट्रोल इंजिनला तो मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलला मिळत नाही. म्हणून अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर छोटा पंप असतो. डिझेल इंजिनाच्या जीपला डोनरचा बूस्टर लावला आणि पंपवाला अल्टरनेटर मागे ठेवला, तर पेडल दगडासारखं कडक लागतं. गॅरेजमध्ये हा घोळ नेहमी होतो. सहा व्होल्टची जुनी वायरिंग काढून बारा व्होल्टची घालणं, फ्यूज बॉक्स देणं, सीटबेल्टसाठी पक्के बिंदू करणं, स्टिअरिंगचे ढिले जॉइंट बदलणं, हेही डोनरकडून निःसंकोच घ्यावं. पुरात बुडालेली गाडी डोनर म्हणून स्वस्त मिळते. तिचे एक्सल आणि गियरबॉक्स उघडून, धुऊन वापरता येतात. तिच्या वायरिंगला मात्र हात लावू नये.

इंजिनाचा प्रश्न नाजूक आहे. हरिकेनचा ब्लॉक तडकलेला नसेल तर तो वाचवावा. बोअरिंग करून घ्यावं, नवे पिस्टन-रिंग घालावेत, हेडचं काम करावं, पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात. ५.३८ च्या एक्सल रेशोमुळे ही गाडी ताशी ६०-६५ किलोमीटरवर खूश असते, आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर तेवढं पुरतं. पण एक गोष्ट विसरता येत नाही. पेट्रोल परवडेना म्हणून या जीपगाड्यांत सत्तरीच्या दशकापासूनच डिझेल इंजिनं बसू लागली. ज्या गाडीच्या आरसी बुकावर कित्येक वर्षांपासून डिझेल लिहिलेलं आहे, तिला एमएम ५४० चं एक्सडीपी इंजिन देणं मला गैर वाटत नाही. तो तिच्या आयुष्याचाच भाग झालेला असतो. हे इंजिन साध्या यांत्रिक पंपावर चालतं, कॉम्प्युटर मागत नाही, आणि मुंबईत ते उघडून बांधणारे हात अजून आहेत.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी आणि मग आरसीवर नवा इंजिन नंबर. चासी नंबर हीच गाडीची ओळख. डोनरची चासी घालून जुन्याच कागदांवर ती फिरवणं हा सरळ गुन्हा आहे. डोनर गाडीची नोंदणीही रीतसर रद्द करून घ्यावी, नाहीतर तिचा नंबर भलत्याच गाडीवर दिसायची भीती.

२०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे निर्णय स्पॅनर उचलण्याआधी घ्यायचा असतो. रविवारी येऊरला किंवा वसईला जायची गाडी हवी, की मूळ रूपातला दस्तऐवज? डोनरकडून किती घ्यायचं ते यावर ठरतं. मी तरी असा नियम सुचवेन की जे बोल्टने निघतं तेच डोनरकडून घ्यावं. टॉर्चने कापावं लागेल ते घेऊ नये. काढलेला प्रत्येक मूळ भाग ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा, म्हणजे उद्या कुणाला गाडी परत मूळ रूपात न्यायची झाली तर रस्ता उघडा राहील.

जागेची अडचण खरी आहे. सोसायटीत एका गाडीला जागा मिळत नाही तिथे उघडलेली जीप आणि सोबत डोनर, दोन्ही वर्ष-दोन वर्षं ठेवायच्या कुठे? म्हणून बरीच कामं आता भिवंडी, वसई, कर्जतच्या शेडमध्ये सरकली आहेत. मालक मुलुंडचा किंवा अंधेरीचा, गाडी खाडीपलीकडे. सुटे भाग अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानांत शोधले जातात.

या सगळ्यात एमएम ५४० कडे कुणी गाडी म्हणून बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. चालती, कागद पुरे असलेली ५४० एका हाय-बॉनेटसाठी सोलून काढलेली मी पाहिली आहे. १९८५ च्या सुमारास नोंदलेल्या ५४० ला २०३५ मध्ये पन्नास वर्षं होतील आणि नियम तसेच राहिले तर तीही व्हिंटेज पाटीला पात्र ठरेल. तोवर डोनर म्हणून तिला घ्यायचं असेल, तर जिची चासीच गेली आहे अशीच घ्यावी. आणि धडधाकट ५४० विकायला आली, तर हाय-बॉनेटचं काम थोडं लांबवून ती वाचवावी.