सायकलचा ढिला क्रँक : घरच्या घरी दुरुस्ती

दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या साध्या सायकलीचा क्रँक पायडल मारताना खटखटू लागला, तर दोष बहुधा कॉटरमध्ये, म्हणजे क्रँक आसावर घट्ट धरणाऱ्या पाचरीत असतो. तशीच सायकल चालविल्यास क्रँकचे भोक झिजते व अखेर क्रँकच बदलावा लागतो.

प्रथम कॉटरवर घासलेट सोडून तासभर थांबावे. नट वर येईल असा क्रँक आडवा धरावा. खालून जाड नळीचा तुकडा असा उभा टेकवावा की, कॉटरचे डोके नळीच्या पोकळीत मोकळे राहील. त्यामुळे छऱ्यांना धक्का बसत नाही. नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करून हातोडीने नेमका ठोका द्यावा. कॉटर हलताच नट काढावा.

नवा कॉटर त्याच मापाचा घ्यावा. त्याची उतरती सपाट बाजू आसाच्या खाचेस चिकटून बसली पाहिजे. न बसल्यास ती कानशीने सारखी घासावी. दोन्ही बाजूंचे कॉटर परस्परविरुद्ध दिशांनी घालावेत, अन्यथा पायडले एका रेषेत येत नाहीत. कॉटर ठोकूनच बसवावा. नटाने तो ओढू नये. एक दिवस सायकल चालविल्यावर कॉटर पुन्हा ठोकून नट आवळावा. भोक लांबट झाले असल्यास पत्र्याचा तुकडा कोंबू नये. क्रँक बदलणेच हिताचे.