खरारा

आजी गेली आणि आमची नऊ वर्षांची लेक गप्पच झाली. उपचारांच्या जोडीला तिला घोड्यांच्या तबेल्यात न्या, असे डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा मला हसू आले. घोडा काय समजूत घालणार!

पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले, हे वाचले होते. पण मनाचे दुखणे वेगळे.

चार रविवार लेक घोडीवर बसलीच नाही. नुसता खरारा करायची. मोतद्दार म्हणाले, "ताई, घोडं मुळात भित्रं जनावर. आपल्या अंगातला ताण त्याला लगेच कळतो." खरेच, तिचा हात घाईने फिरला की घोडी कान मागे टाकून सरके, संथ झाला की मान खाली घाली. हळूहळू लेकीचा श्वासही संथ झाला.

पाचव्या रविवारी घोडीच्या मानेला बिलगून ती म्हणाली, "माझी आजी गेली."

मी दाराआड उभी होते. घोडीने नुसते ऐकून घेतले. आम्ही मात्र दोन महिने समजूतच घालत होतो.