दाणे, पाऊच की कच्चं मांस?

पाळीव प्राण्यांच्या दुकानात एका हातात कुत्र्याच्या दाण्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ग्रेव्हीचं पाऊच घेऊन मागचा मजकूर वाचला, तर पहिल्या नजरेत दाणे बाजी मारतात. पिशवीवर प्रथिनं २४ टक्के लिहिलेली असतात, पाऊचवर ८ टक्के. एवढ्या पातळ मालाला एवढे पैसे कशाला मोजायचे, असं वाटणं साहजिक आहे. पण या दोन आकड्यांची थेट तुलना होऊ शकत नाही. दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के असतं, पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास. पाणी बाजूला काढून हिशेब मांडून बघा. १०० ग्रॅम दाण्यांत घन भाग ९० ग्रॅम, त्यात प्रथिनं २४, म्हणजे सुमारे २७ टक्के. १०० ग्रॅम पाऊचमध्ये घन भाग अवघा २० ग्रॅम, त्यात प्रथिनं ८, म्हणजे ४० टक्के. पारडं एकदम उलटं फिरतं.

मग पाऊचच घ्यावं का? थांबा, अजून कॅलरी मोजायच्या आहेत. ३० किलोच्या नसबंदी झालेल्या लॅब्रेडॉरला दिवसाला साधारण १,४०० किलोकॅलरी लागतात. १०० ग्रॅम दाण्यांतून ३५० ते ४०० मिळतात, म्हणजे पावणेचारशे-चारशे ग्रॅम दाण्यांत त्याचं भागतं. १०० ग्रॅम पाऊचमधून मिळतात ८० ते १००. तेवढ्यावरच त्याला जगवायचं तर दिवसाला पंधरा-सोळा पाऊच फोडावी लागतील. कोणत्याही घराला हे परवडणार नाही. चार किलोच्या पॉमेरेनियनचं काम मात्र तीन-चार पाऊचांत होतं. म्हातारा, दात पडलेला, आजारपणात तोंड फिरवणारा किंवा पाणी कमी पिणारा कुत्रा असेल, तर ओल्या खाण्याचा खरा उपयोग होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात दाण्यांवर थोडं पाऊच किंवा नुसतं कोमट पाणी घालून दिलं, तरी पोटात चार घोट जास्त जातात.

कोरडं, ओलं की कच्चं, यावर कुत्रे पाळणाऱ्यांमध्ये हिरिरीने वाद होतात. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी दोन प्रश्न येतात: हे खाणं परिपूर्ण आहे का, आणि ते किती घालायचं? बहुतेक घरांत या दोन्हींचा विचारच होत नाही, म्हणून हा लेख.

कोरडं आणि ओलं खाणं कुठून आलं, ते आधी थोडक्यात बघू. कुत्र्यांसाठी कारखान्यात बनवलेलं पहिलं नावाजलेलं खाणं जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने १८६०च्या सुमारास लंडनमध्ये विकायला काढलं. ती गहू, भाज्या आणि मांस यांची कडक बिस्किटं होती. डबाबंद खाणं अमेरिकेत १९२२मध्ये ‘केन-एल रेशन’ या नावाने आलं, आणि त्या डब्यात घोड्याचं मांस असायचं. दुसऱ्या महायुद्धात पत्रा लष्कराकडे वळला, डबे मिळेनासे झाले आणि कोरड्या खाण्याचे दिवस आले. आज आपण ज्यांना दाणे म्हणतो ते १९५७मध्ये प्युरिना कंपनीने बाजारात आणले. पीठ-मांसाचं मिश्रण दाबाखाली गरम करून बारीक छिद्रातून बाहेर सोडलं की ते फुलतं. मग ते वाळवून त्यावर चरबी फवारतात. फुलण्यासाठी स्टार्च लागतोच, म्हणून दाण्यांत तांदूळ, मका, बटाटा किंवा डाळ यांपैकी काहीतरी असणारच.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य कसलं देता,’ हा युक्तिवाद इथेच सुरू होतो. २०१३मध्ये ‘नेचर’मध्ये एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. स्टार्च पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांत त्यांना ४ ते ३० सापडल्या. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं राहिलेल्या जनावराचं पोट बदललं आहे. धनगराच्या तांड्याबरोबर भाकरीवर राहणारा कुत्रा काही उगाच टिकलेला नाही. उलट ‘धान्यविरहित’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या दाण्यांत वाटाणा आणि मसूर भरपूर घालतात. अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयाचे स्नायू सैल पडण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८मध्ये सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण जास्त पैसे मोजून धान्य टाळण्यासारखं कारणही पुढे आलेलं नाही.

आता परिपूर्णतेचं. आपल्याकडे अनेक घरांत कुत्र्याला दूध-पोळी किंवा चिकन-भात मिळतो. प्रेमाने शिजवलेलं, ताजं, स्वच्छ, असं हे खाणं. त्यात काय कमी पडतं ते डोळ्यांना दिसत नाही. बोनलेस चिकनच्या १०० ग्रॅममध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसाएवढं तरी लागतं. वाढत्या पिल्लाला रोज नुसतं चिकन-भात दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढून घेतं. तीन-चार महिन्यांचं जर्मन शेफर्डचं गुबगुबीत पिल्लू, वजन छान, अंगावर चकाकी, आणि पुढचे पाय मात्र धनुष्यासारखे वाकलेले. उडी मारली तरी हाड मोडतं. घरचे कळवळून सांगतात, ‘डॉक्टर, रोज अर्धा किलो चिकन देतो हो!’ दुखणं नेमकं त्यातच असतं.

मग कॅल्शियमचं सिरप अंदाजाने ओतावं, तर तेही घातक. मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि त्यानेही सांधे-हाडं बिघडतात. अंड्याच्या कवचाच्या एका ग्रॅम पुडीत सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते स्वस्त आणि चांगलं आहे, पण ते मोजून घालायला हवं. शिवाय जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व उरतातच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३मध्ये पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या १९० पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. घरचं द्यायचंच असेल, तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि आपल्या मनाने त्यात अदलाबदल करू नका. पिशवी किंवा पाऊच घेतलं, तर त्यावर ‘संपूर्ण आणि समतोल’ असं आणि कोणत्या वयासाठी ते छापलेलं आहे का, हे बघा. बरीच पाऊच ‘पूरक’ असतात. ती दाण्यांवर घालायची, त्यांच्या जागी नाहीत.

कच्च्या मांसाबद्दल मात्र मला स्पष्टच बोलायचं आहे. ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३च्या पुस्तकापासून या पंथाला जोर आला. शी कमी होते आणि केस चमकतात, हे त्याचे पुरस्कर्ते सांगतात ते खरं आहे. मांस चांगलं पचतं आणि चरबी जास्त असते, म्हणून तसं होतं. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तयार कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५मध्ये साल्मोनेला आणि ३२मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस सापडला. तेही शीतसाखळीतल्या, पाकीटबंद मालात. आपल्याकडे खाटकाच्या ओट्यावरून काळ्या पिशवीत वजडी आणि फुफ्फुसं येतात, दुपारच्या उन्हात स्कूटरला लटकून. फ्रीझरने साल्मोनेला मरत नाही, त्याची वाढ फक्त थांबते. कुत्रा स्वतः ठणठणीत राहून आठवडाभर तो विष्ठेतून बाहेर टाकत राहतो आणि घरातल्या बाळाच्या गालाला चाटतो.

दुसरा धोका आपल्याकडे अधिक खरा आहे. शेळ्या-मेंढ्या, गुरं यांच्या काळजात आणि फुफ्फुसांत हायडॅटिड नावाच्या पाण्याच्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून आणि अंगावरच्या केसांतून माणसाच्या पोटात जातात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी धरतात. काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते. तेच काळीज नीट उकळलं की हा धोका संपतो. फक्त शिजलेली हाडं देऊ नका, त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. आणि कांदा-लसणाचा रस्सा, मनुका-बेदाणे कधीच नकोत.

दाण्यांचीही एक बाजू सांगायला हवी. दुकानदार वीस किलोची गोणी फोडून सुटे दाणे विकतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत दोन आठवड्यांत त्यावरची चरबी खवट होते, बुरशी धरते. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालतं. २०२०च्या अखेरीस अमेरिकेत अशा दाण्यांनी अनेक कुत्रे मेले. महिन्याभरात संपेल एवढीच बंद पिशवी घ्या, ती तशीच्या तशी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वास बदलला तर टाकून द्या. कडक दाण्यांनी दात साफ होतात, ही समजूतही सोडून द्या. साधा दाणा दाताला लागताच फुटतो. ब्रशच करावा लागतो.

राहिला ‘किती’ हा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथेच. एकाच पोटच्या लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या करून ४८ कुत्र्यांवर प्युरिनाने केलेला अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांना खाणं एकच, पण एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली. खाणं न बदलता, केवळ मापाने जवळजवळ दोन वर्षं वाढली. मला माहीत असलेल्या कोणत्याही महागड्या पाकिटाने असं काही करून दाखवलेलं नाही.

म्हणून दाणे वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजा. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात. जेवणाशिवायचं वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात, म्हणजे वरच्या खाण्यासाठी ६३. ग्लुकोज बिस्किटांत ते भागवलं तर दोन-तीन बिस्किटं झाली. आजोबांनी सकाळच्या चहाबरोबर दोन दिली असतील, तर शाळेतून आलेल्या नातीने तिसरं देण्याआधी विचारावं, आणि दिलंच तर संध्याकाळच्या वाटीतले तेवढे दाणे काढून ठेवावेत.