पेट्रोलच्या काट्याची साक्ष
सोलापुराहून धाराशिव जिल्ह्यात येणारी एखादी जुनी अँबॅसडर तुळजापूरच्या घाटात थांबते. काटा मात्र अर्धी टाकी दाखवीत असतो. अशा वेळी खोटी साक्ष कोण देतो, हे शोधणे कठीण नाही.

टाकीतील तरंगता गोळा पेट्रोलबरोबर खालीवर होतो. त्याचा दांडा विजेच्या मार्गातील अवरोध बदलतो, आणि त्याप्रमाणे समोरील काटा सरकतो. चढावर पेट्रोल एका अंगास सरते. तेथील काट्याचे हेलकावे म्हणजे बिघाड नव्हे. म्हणून परीक्षा सपाट, मोकळ्या जागी करावी.

प्रथम किल्ली बंद करून टाकीवरील गोळ्याची तार सोडवावी. मग किल्ली फिरवून काटा कोणत्या टोकास जातो ते पाहावे. पुन्हा किल्ली बंद करून ती तार गाडीच्या स्वच्छ धातूस जोडावी. किल्ली चालू असता तार जोडल्यास ठिणगी पडते, आणि पेट्रोलच्या वाफेपाशी ठिणगी म्हणजे आगीस आमंत्रण. आता किल्ली क्षणभरच फिरवावी. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला, तर तार व दर्शक निर्दोष. दोष टाकीत आहे: दांडा अडकला असेल, अवरोधक झिजला असेल, किंवा छिद्र पडून गोळा बुडाला असेल. बुडालेला गोळा भरल्या टाकीसही रिकामी म्हणतो. काटा मुळीच न हलल्यास तार आणि दर्शक तपासावेत.

दुरुस्तीनंतर रिकाम्या टाकीत मोजून पाच-पाच लिटर घालीत काट्याच्या खुणा ताडून पाहाव्यात. साक्षीदार सुधारला, तरी त्याची उलटतपासणी सोडू नये.