आकडा खरा, पण कोणाच्या शरीराचा?

वजन कमी करण्याविषयी इंटरनेटवर मिळणारी माहिती खरी की खोटी, एवढेच बहुधा पाहिले जाते. परंतु खरी माहितीसुद्धा वाचणाऱ्याच्या शरीराला लागू पडत नसेल तर त्याची दिशाभूल करते, आणि हा धोका अधिक गंभीर आहे, कारण तो सहसा ध्यानात येत नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता मिळणारा आकडा, म्हणजे ‘बीएमआय’, हे याचे ठळक उदाहरण होय. हा आकडा 25 पेक्षा कमी आला की अनेक संकेतस्थळे वजन योग्य असल्याचा निर्वाळा देतात. मात्र ही मर्यादा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या पाहणीवरून ठरलेली असून, तेवढ्याच बीएमआयला भारतीयांच्या शरीरात, विशेषतः पोटात, चरबी अधिक असते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये एकमताने केलेल्या शिफारशींत 23 पासून जादा वजन आणि 25 पासून स्थूलता मानली आहे. 165 सेंटिमीटर उंचीच्या आणि 66 किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय 24.2 येतो, तेव्हा संकेतस्थळ तिला निश्चिंत करते, तर भारतीय निकष तिला वेळीच सावध करतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच एकत्र छायाचित्र देऊन हा भेद दाखवून दिला. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, परंतु चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होते. कंबरेचा घेर या बाबतीत अधिक बोलका ठरतो; भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा त्याच शिफारशींत सांगितलेली आहे.

‘आठवड्यात पाच किलो’ असे सांगणारा माणूसही पुष्कळदा खोटे बोलत नसतो. यकृत आणि स्नायू साखरेचा जो साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतात, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, आणि भात-पोळी एकाएकी बंद केली की हा साठा व ते पाणी दोन्ही निघून जाऊन काटा खरोखरच खाली येतो. पाच किलो चरबी मात्र सात दिवसांत झडणे जवळजवळ अशक्य आहे, कारण एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असल्याने त्यासाठी दररोज 5,500 कॅलरींची तूट पडावी लागेल, आणि सामान्य प्रौढ माणसाचा दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो.

विक्रीसाठी दिलेली माहिती याहून घातक ठरते. स्थूलता बरी करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई असली, तरी ‘नैसर्गिक’ या नावाखाली त्या चालूच आहेत. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010 मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलेले सिब्युट्रामिन हे औषध, अमेरिकी औषध प्रशासनाला त्यानंतरही अशा कित्येक उत्पादनांत आढळले. वेष्टनावर त्याचे नाव नव्हते, त्यामुळे ते घेणाऱ्या हृदयरुग्णाला आपण काय गिळतो आहोत हे कळण्याचा काही मार्गच उरला नव्हता.