फिश आणि सीवीड खत: बाटलीत नेमकं काय असतं आणि कुंडीत किती घालायचं?

इन्स्टाग्रामवर बागकामाची दोन-चार रील पाहिली की पाचवं रील हमखास एका काळपट बाटलीचं येतं. झाकणभर द्रव पाण्यात, ते पाणी कुंडीत आणि पुढच्याच सेकंदाला मोगरा फुलांनी लगडलेला. बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘ऑरगॅनिक फिश अँड सीवीड’.

मासळीचं खत आपल्याला नवं नाही. कोकणात माडाच्या आळ्यात मासळीचे टाकाऊ भाग पुरतात. अनेक घरांत मासे धुतलेलं पाणी मोरीत न ओतता झाडाला घालतात. नवी आहे ती बाटली. आणि तिच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. मासळी हे झाडाचं जेवण आहे, समुद्री शेवाळ हे जवळपास टॉनिक. हा फरक कळला की पैसे आणि झाडं दोन्ही वाचतात.

मासळीतून काय मिळतं?

मुख्यतः नत्र, म्हणजे पानं आणि फांद्या वाढवणारं अन्न. बाजारात दोन प्रकार दिसतात. माशातून तेल आणि भुकटी काढून घेतल्यावर उरलेला द्रव तापवून घट्ट केला की ते फिश इमल्शन. कमी तापमानावर एन्झाइम वापरून मासा विरघळवला की ते हायड्रोलायसेट. त्यात तेल आणि प्रथिनं जास्त टिकून राहतात.

बऱ्याच इमल्शनच्या बाटल्यांवर ५-१-१ असे आकडे असतात. म्हणजे ५ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद, १ टक्का पालाश. आता थोडं गणित करू. एक लिटर पाण्यात ५ मिली द्रव घातला तर त्या पाण्यात साधारण पाव ग्रॅम नत्र उतरतं. कुंडीला अर्धा लिटर पाणी दिलं तर त्याच्याही निम्मं. दर १५ दिवसांनी वर्षभर हेच केलंत, तर एका कुंडीला वर्षाला सुमारे ३ ग्रॅम नत्र मिळतं. गांडूळखतात साधारण दीड टक्का नत्र धरलं, तर एवढं नत्र २०० ग्रॅम गांडूळखतातही असतं. गांडूळखतातलं नत्र हळूहळू सुटतं आणि मासळीतलं त्यापेक्षा लवकर मिळतं, हे खरं. पण माती भुसभुशीत ठेवायचं, ओल धरायचं काम बाटली करत नाही. त्यामुळे ‘आता शेणखत-कंपोस्टची गरज नाही’ असं सांगणारं रील सरळ पुढे ढकला.

मग शेवाळ कशासाठी?

शेवाळाच्या अर्कात नत्र जवळजवळ नसतंच. थोडं पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि सायटोकायनिनसारखी वाढीची संप्रेरकं असतात. मुळं फुटायला आणि ऊन किंवा पाण्याचा ताण सोसायला त्याची मदत होते. म्हणून रोप नव्या कुंडीत हलवताना किंवा एप्रिल-मेच्या उन्हाआधी ते देण्यात अर्थ आहे. पिवळ्या पडलेल्या उपाशी झाडाला नुसतं शेवाळ देणं म्हणजे भुकेल्याला व्हिटॅमिनची गोळी देणं.

हे शेवाळ येतं कुठून? परदेशी बाटल्यांमध्ये बहुधा उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरचं तपकिरी शेवाळ असतं. आपल्याकडे तमिळनाडूत मंडपम-रामेश्वरम भागात बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचं शेवाळ वाढवतात. ताजं शेवाळ पिळून रस काढायचा आणि उरलेल्या चोथ्यातून खाद्यपदार्थांत वापरलं जाणारं कॅरागीनन मिळवायचं, हे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं विकसित केलं. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून शेवाळाच्या अर्काला ‘बायोस्टिम्युलंट’ म्हणजे जैव उत्तेजक या गटात बसवलं. कायद्याच्या कागदावरही हा अर्क खतापेक्षा वेगळा मोजला जातो, तो असा.

एक बारीक गोष्ट. शेवाळाचा अर्क काढताना अनेकदा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. त्यामुळे लेबलवर दिसणारं सगळं पालाश समुद्रातून आलेलं असेलच असं नाही.

घरी करता येतं का?

मासळीचं येतं. डोकी, खवले, आतडी असं जे उरतं त्याचे तुकडे करा आणि वजनाला वजन गूळ घाला. काचेची नको, प्लास्टिकची बरणी घ्या, ती दोन तृतीयांशच भरा आणि झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. सावलीत तीन-चार आठवडे ठेवून गाळून घ्या. वास आंबटगोड आला तर जमलं. सडका वास आला तर बहुधा गूळ कमी पडला. खारवलेली सुकी मासळी मात्र वापरू नका, मीठ कुंडीत साचतं. घरच्या द्रवात नत्र किती, हे मोजता येत नाही, म्हणून लिटरभर पाण्यात १ ते २ मिलीच. विकतच्या बाटलीला लेबलवरचं प्रमाण, आणि पहिल्यांदा देताना त्याच्याही निम्मं. जास्त घातल्यानं झाड लवकर वाढत नाही, पानांच्या कडा करपतात.

पालक, मेथी, कढीपत्ता यांना मासळी मानवते. टोमॅटो, मिरची, मोगरा यांना कळ्या धरेपर्यंतच द्या, नाहीतर झाड हिरवंगार दिसतं आणि फुलं रुसतात. खायच्या पानांवर फवारू नका, मातीतच घाला. कोरड्या मातीला आधी साधं पाणी, मग खत. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबलं असेल तर थांबा.

राहिला वास. बाल्कनीवाल्यांसाठी खरी परीक्षा हीच, त्यातून खालच्या मजल्यावर शाकाहारी शेजारी असतील तर विचारूच नका. खत संध्याकाळी द्या, वरून कोकोपीट किंवा सुक्या पाल्याचा थर पसरा आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी उतरलं तर लगेच फेका. दुसऱ्या दिवशीपर्यंत वास बराच ओसरतो. मांजरांना मात्र त्यानंतरही कळतं, त्यामुळे छोट्या रोपांवर दोन दिवस जाळी टाकलेली बरी.