बाळ तिथे भेट

भोकर तालुक्यात बाळंतपणाचा पत्ता एक नसतो. मुलगी सासरी नांदते, दिवस गेल्याची नोंद तिथल्या आशाताईच्या वहीत होते आणि सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी जाते. माहेर उमरीकडे असेल, हिमायतनगरकडे असेल, नाहीतर हद्दीपलीकडे भैंशाकडेही असेल. नांदेडहून भोकरमार्गे जाणारा महामार्ग पुढे तेलंगणातच उतरतो आणि सोयरिकी काही राज्याची हद्द बघून जुळत नाहीत. बाळंतपण होतं तालुक्याच्या दवाखान्यात, अवघड झालं तर नांदेडला. सव्वा महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी बाळ सासरी येतं. त्यातच दिवाळी झाली की मराठवाड्यातली कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर निघतात आणि त्यांच्या पदरात असंच एखादं तान्हं असतं.

नेमक्या याच काळात त्या बाळाला शासनाचा एक शब्द आहे : तुझ्या घरी माणूस येईल, तुला बघेल, तुझ्या आईशी बोलेल. गृहभेटींची ही योजना महाराष्ट्राच्याच मातीतून उगवली आणि देशभर गेली. पण तिची मांडणी अजून एका गावात स्थिर राहणारं घर धरून चालते. भोकरसारख्या तालुक्यात ती इथंच अडखळते.

गडचिरोलीचा पुरावा

गावातल्या बाईनं शिकून घरोघर आरोग्य न्यावं, हा विचार डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला रुजवला. नवजात बाळाच्या बाबतीत तो आकड्यांनिशी सिद्ध झाला गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था उभी केली. १९८८ मध्ये तिथल्या गावांतले बालमृत्यू मोजले, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. न्यूमोनियावर गावातच उपचार सुरू झाल्यावर मृत्यू घटले, पण पहिल्या महिन्यातल्या बाळांचा प्रश्न तसाच राहिला. त्या काळी आजारी नवजात बाळाची जागा दवाखान्यात, असंच वैद्यकशास्त्र सांगत होतं. गडचिरोलीत मात्र बाळ जन्मत होतं घरात आणि दवाखाना होता कोसभर लांब.

म्हणून ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. आरोग्यदूत गरोदरपणापासून घरी जायची, दाईसोबत बाळंतपणाला हजर असायची, बाळाचं वजन करायची. ऊब टिकावी म्हणून बाळाला खास शिवलेल्या पिशवीत ठेवायला शिकवायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर आईबापांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायची. १९९३-९५ मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के भरली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं हा अभ्यास छापला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची एकत्रित शिफारस केली आणि २०११ पासून भारतभरच्या आशाताईंना हे काम नेमून दिलं गेलं.

एका भेटीत काय घडतं

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईनं घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. २०१८ पासून त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटींची भर पडली.

आत गेल्यावर आधी साबणानं हात धुवायचे आणि ते घरच्यांसमोर धुवायचे, म्हणजे न सांगता शिकवण होते. मग आईची विचारपूस : अंगावरून किती जातंय, ताप आहे का, जेवली का. बाळाच्या काखेत थर्मामीटर धरायचा. झोळीच्या काट्यावर वजन करायचं. बाळ शांत असताना कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. ते साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, छाती आत ओढली जात असली, बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा हातपाय ढिले पडले, तर वाट बघायची नाही, गाडी बोलवायची.

खरी कसोटी मात्र सासूबाईंशी किंवा आजीशी बोलताना लागते. नाळेला हळद-तेल लावायचं की कोरडी ठेवायची, चिकाचं दूध पाजायचं की पिळून टाकायचं, बाळाला घुटी कधी, बाळंतिणीला खोलीत धूर-शेक किती, हे घरातल्या जाणत्या बाईच्या शब्दावर ठरतं. तिचा मान ठेवून, पाचवीच्या पूजेला हात न लावता, 'आजी, नाळेला एवढं काही लावू नका' असं म्हणायला ओळख लागते. शेक हवाच असेल तर धूर टाळून उबेचा दुसरा मार्ग सुचवायला लागतो. ही ओळख दोन दिवसांत होत नाही, ती गरोदरपणापासूनच्या येण्याजाण्यानं होते. बंजारा तांड्यावर ती गोरमाटी बोलीत होते, हद्दीवरच्या गावात तेलुगूत होते. गृहभेटीचं सगळं बळ या ओळखीत आहे.

वही सासरी, बाळ माहेरी

आता भोकरचा पेच पुन्हा पाहा. सहा-सात महिने ओळख जमवली ती सासरच्या आशाताईनं. बाळ आलं माहेरच्या आशाताईच्या हद्दीत. तिच्या वहीत ही बाई गरोदर म्हणून कधी नव्हतीच. बाळंतपणाची बातमी तिला कुणी दिली तरच ती तिसऱ्या दिवशी दारात उभी राहणार. नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो, नेमका तेव्हाच निरोपाचा धागा तुटतो. माहेरपण हा आपल्याकडचा बाळंतिणीचा सर्वांत जुना आधार. तिला विसावा मिळतो, आईच्या हातचं खायला मिळतं. योजनेनं त्याच्याशी जुळवून घ्यायला हवं, त्याला अडचण मानून चालणार नाही.

स्थलांतरित घरांचं दुखणं आणखी खोल आहे. कोपीत किंवा भट्टीच्या कडेला जन्मलेलं बाळ ना गावच्या वहीत असतं, ना फडाजवळच्या गावाच्या. आई पहाटे कामावर जाते आणि तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर राहतं. तिथं कुणी वजन करत नाही, श्वास मोजत नाही.

यावरचा उपाय महागडा नाही. माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हातात असतंच. ती गाव सोडते त्या दिवशी सासरच्या आशाताईनं माहेरच्या आशाताईला फोन करावा. दवाखान्यातून सुटी देताना परिचारिकेनं 'बाळ आता कुठल्या गावी जाणार' हे विचारून त्या गावच्या आशाताईला कळवावं. ऊसतोडीच्या मुकादमाकडच्या यादीत गरोदर आणि स्तनदा बायका वेगळ्या नोंदवून ती यादी कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी. तेलंगणातही आशा आहेतच, हद्दीवरच्या तालुक्यांनी आपसांत एवढं ठरवून घेणं अशक्य नाही.

पाठवायचं कुठं?

३० सप्टेंबर-१ ऑक्टोबर २०२३ च्या २४ तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भकं होती. खाटा, औषधं आणि मनुष्यबळ यांवर तेव्हा वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. भोकर, किनवट, माहूरसारख्या तालुक्यांतलं अवघड बाळ शेवटी नांदेडलाच येतं. आशाताईनं लक्षण वेळेत ओळखलं तर बाळ लवकर निघतं आणि वाचण्याची आशा वाढते. पण तालुक्याच्या ठिकाणी नवजात बाळाला सांभाळण्याची सोय नसेल, गाडी वेळेवर नसेल, नांदेडला एका खाटेवर गर्दी असेल, तर तिच्या ओळखण्याला अर्थ उरत नाही. दवाखान्याची उणीव गृहभेटीनं झाकायची, हा तिचा गैरवापर ठरेल.

जगण्यापुढचं

महाराष्ट्रात बालमृत्यू बरेच खाली आले आहेत. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार ते हजारी १६ होते, देशात २८. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. बाळ वाचलं, पण त्याची वाढ खुंटली. इथं घरी येणाऱ्या माणसाचं दुसरं काम सुरू होतं.

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी खुज्या मुलांच्या घरी दोन वर्षं आठवड्यातून तासभर कार्यकर्त्या पाठवल्या. डबे, ठोकळे, घरी केलेली खेळणी घेऊन आईला बाळाशी खेळायला आणि बोलायला शिकवलं. वीस वर्षांनी ती मुलं कमवायला लागली तेव्हा त्यांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्याकडेही सेवाग्रामची महात्मा गांधी वैद्यकीय संस्था आणि युनिसेफ यांच्या साथीनं अंगणवाडीतून 'आरंभ' हा असाच कार्यक्रम उभा राहिला. त्यात बापाशीही बोलणं होतं, कारण बाळाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला पैसे लागत नाहीत.

जिच्या पायांवर हे उभं आहे

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच आशाताईला नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर मिळतात २५० रुपये. महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं आणि आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा २०२४ मध्ये महिन्याला ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली. हिशोब पूर्ण भेटींवर बांधला की आणखी एक अन्याय होतो. बाळ मध्येच गाव बदलतं, तेव्हा दोन आशाताईंनी अर्धंअर्धं काम केलेलं असतं आणि पूर्ण काम कुणाच्याच नावावर चढत नाही. म्हणून मोबदला भेटीगणिक असावा आणि वाटेवरच्या, पाहुण्या बाळाच्या भेटीला तो जास्त असावा, कारण तेच बाळ सर्वांत सहज सुटून जातं.

गडचिरोलीत हे काम जमलं त्याचं कारण साधं होतं. बाळ जिथं होतं तिथं बाई गेली, तिला शिकवलेलं होतं, तिच्यामागे डॉक्टर उभे होते. भोकरच्या बाळाला याहून वेगळं काही नको आहे. फक्त ते जरा जास्त फिरतं. त्याच्या फिरण्याला नियमात जागा करून देणं हे आरोग्य खात्याचं काम आहे आणि ती जागा मागणं हे आपलं.